सुखवतीचं मोरपीस

"हे पीस पुसून द्या मॅडम. पुढच्या महिन्यात मेडिकल आहे."

उमरे सर फौजेतले रिटायर्ड हवालदार. कुंडमच्या आदिवासी मुलामुलींकडून फौजेच्या भरतीसाठी पळण्याचा सराव फुकट करून घेतात. मदन महलच्या माझ्या स्किन क्लिनिकमध्ये ते सुखवतीला घेऊन आले होते. त्यांच्या तुकडीतली सगळ्यात वेगवान मुलगी. दंडापासून कोपराच्या खळगीपर्यंत मोरपीस गोंदलेलं.

पिसं मी रोज बघते. कॉलेजातली मुलं 'फ्रीडम' म्हणून काढून घेतात आणि ब्रेकअप झालं की तेच फ्रीडम लेझरने पुसायला येतात. हे तसलं नव्हतं. तिच्या आजीने सुयांनी टोचून काजळी खोल बसवली होती. लेझर रंगाचा चुरा करतो, शरीर तो हळूहळू उचलतं. त्यात वर्ष जातं, असं मी उमरे सरांना सांगितलं.

"काहून? मशीन तर आहे ना तुमच्याकडे?"

"मशीन आहे, जादू नाही."

मोरपीसच का, मी सुखवतीला विचारलं. ती हिंदीत म्हणाली, "माँ का भी यही था. जेवर तो मरने पर उतार लेते हैं. गोदना साथ जाता है. ऊपर माँ इसी से पहचानेगी."

आणि तेच ती नोकरीसाठी पुसायला निघाली होती. म्हटलं, थांबा, आधी फौजेचा नियम विचारते.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या फौजी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आदिवासींचं परंपरेचं गोंदण चालतं. समाजाचा दाखला आणायला सांगा."

लगेच उमरे सरांना कळवलं.

"मॅडम, कालच लावलं जी."

"काय लावलं?"

"ॲसिड. एक जण म्हणे, झटक्यात निघते. पोरगी रडली पण नाही."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिला आत्ताच्या आत्ता घेऊन या, मी फोनवरच ओरडले.

भाजलेली कातडी भरताना आखडते. सांध्यावर असली तर सांधाच ओढून धरते. पट्ट्या झाल्या, व्यायाम झाले, हात सरळ झाला नाही. मेडिकलमध्ये अनफिट. कारण, कोपर. गोंदणाबद्दल बोर्डाने चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर ती एकदा आली. उमरे सर बाहेरच बसून राहिले. जखमेच्या वर पिसाचा डोळा तेवढा शिल्लक होता.

"मैडम, इतने से पहचान लेगी?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता कोणीही गोंदण काढायला आलं की लेझर सुरू करण्याआधी विचारते, काढायला कोणी सांगितलं, आणि त्याने नियम वाचलाय का?