मुदतमामांचा हात

मुदतमामा घरात आले की चहा नाही, पाणी नाही. समोर दिसेल त्या यंत्रावर आधी उजव्या हाताची पालथी बाजू टेकवायचे आणि डोळे मिटायचे. घरातलं बोलणं आपोआप थांबायचं. मग डोळे उघडून ते मुदत सांगायचे, "सा म्हयनं." किंवा, "दिवाळी बघंल, संक्रांत न्हाय." मिक्सर असो, टीव्ही असो, बहुतेक वेळा तसंच व्हायचं. म्हणून शिवाजी पेठेत त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

ते मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात कानडी बोलणारे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं त्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. पुढं घरोघरी कॉम्प्युटर आले तसे ते तेही शिकले. पेठ त्यांना बोलवायची आणि भ्यायचीही. शेजारच्या काकूंनी मुलीच्या लग्नात नव्या फ्रीजवर सतरंजी टाकली होती, मामांचा हात लागू नये म्हणून. मामा हळदीला आले आणि सतरंजीकडे बघून म्हणाले, "झाकलं म्हणून मरण चुकतंय व्हय?" फ्रीज पुढच्या उन्हाळ्यात गेला. मला त्यांचा रागच यायचा. माणसानं खरं बोलावं, पण लग्नघरात कशाला?

मला त्यांची गरज लागली ती नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यावर. घर माझ्या टायपिंगवर चाललं होतं. परदेशातले डॉक्टर रुग्ण तपासून जे बोलून ठेवायचे, ते मी हेडफोन लावून ऐकायची, टाइप करायची आणि ठरल्या वेळेत इंटरनेटवरून परत पाठवायची. एप्रिलमध्ये भर दुपारी लाइन तुटायला लागली. दोन फाइली उशिरा गेल्या. कंपनीनं कळवलं, तिसऱ्यांदा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ.

मामा आले आणि राउटर शोधू लागले. राउटर दिसतच नव्हता. फोनला, टीव्हीला, रिमोटलाही विणून झाल्यावर सासूबाईंनी त्यालाही मापाची लोकरीची टोपी विणली होती, वर दोन मोर. नवी वस्तू उघडी ठेवणं त्यांना पटतच नसे. मामांनी टोपी काढली. "अक्का, ह्या उन्हात तुमी स्वेटर घालून बसशीला का?" सासूबाई फणकाऱ्यानं आत गेल्या. मामांनी हात टेकवला. या वेळी डोळे बराच वेळ मिटलेले राहिले. मग खाली वाकून त्यांनी राउटरचा वास घेतला.

"पंधरा दिवस," ते म्हणाले.

दुसरा राउटर मी त्याच दिवशी आणायला निघाले होते. मामांनी अडवलं. "बाजारातनं आणला आणि लावला, असं करू नका. त्यो उन्हात कसा ऱ्हातोय ते बघूया. तंवर ह्योच चालवा, उघडा ठिवून." एक तीन अँटेनांचा चकचकीत, एक स्वस्तातला आणि एक जाड, काळा, कुरूप, असे तीन राउटर त्यांनी ओळखीनं आणले आणि आपल्या पत्र्याच्या दुकानात आठ दिवस शेजारी शेजारी चालू ठेवले. मी रोज दुपारी जायची. "अँटेना किती ते दुकानदार सांगतोय. हवेची भोकं किती ते आपुण बघायचं," असं म्हणून ते मला राउटर उलटा करून दाखवायचे. मग अडाप्टर तळहातावर तोलायचे. "राउटर आपल्या मरणानं मरत न्हाय. त्येला ह्यो मारतोय."

तिसऱ्या दिवशी मला त्यांच्या हातावर मोठा फोड दिसला. कथील वितळवून तारा जोडायची तापलेली कावी टेकली होती म्हणे.

"दुखत नाही का मामा?"

"कळलंच न्हाय." त्यांनी हात पाठीमागं घेतला. "दोन वर्षं झाली, हाताला काय कळत न्हाय. साखरंनं नेलं."

"मग आमचे पंधरा दिवस?"

"वासानं. बाकीच्यांचं अंदाजानं. एवढी वर्षं काढली की, अंदाज चुकत न्हाय." त्यांनी काळा राउटर पुढं ओढला. "पर हे तुमच्या पोटाचं हाय, वैनी. हितं अंदाज नको. तुमचा हात आणा."

त्यांनी माझा हात पालथा करून काळ्या राउटरवर ठेवला. "तळव्याला चटक्याची सवय झालेली असती, पाठीला न्हाय. आणि गरम किती ते बघू नका. कालच्यापरीस वाढलं का, तेवढंच बघा." पाचव्या दिवशी चकचकीत राउटरवर हात ठेववेना. स्वस्तातल्याचा अडाप्टर गुणगुणायला लागला. काळा मात्र रोज तेवढाच कोमट. तो मी निवडला, माझ्या हातानं. त्यांच्या हाताला कळत नाही ही गोष्ट पेठेत कुणाला सांगायची नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

काळा राउटर त्यांनी आमच्याकडे भिंतीवर, उघडा, मोकळ्या हवेत लावला. सासूबाईंनी टोपी कपाटात ठेवली. जुना मामांनी दुकानात नेऊन चालूच ठेवला. चौदाव्या दिवशी त्याचे दिवे विझले.

काळा राउटर लावून मामा निघाले, तेव्हा मी त्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि बोटाला बोट लागलं. मे महिन्याचं ऊन होतं आणि त्यांचा हात माठाखालच्या फरशीसारखा गार. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. हात पुढं करून म्हणाले, "बघा की. सांगा मुदत."

मी पालथा हात त्यांच्या हातावर ठेवला. मला खूप भीती वाटली.

"लई वर्षं, मामा."

ते हसले. "समदं शिकवलं. खोटं बोलायचं तेवढं ऱ्हायलं."

गणपतीच्या आधी त्यांच्या पायाला जखम झाली. तीही त्यांना कळली नाही. त्यांचे भाऊ येऊन त्यांना गावाकडं घेऊन गेले. एका सकाळी फोन आला: मामा गेले, दुपारी माती आहे. गडहिंग्लजची एसटी दहाला होती. माझी फाइल चारला द्यायची होती.

मी हेडफोन लावून बसले. दर थोड्या वेळानं भिंतीकडं बघत होते. लाइन तुटली असती तर दोष माझा नसता. मी उठून एसटी पकडली असती. त्या दिवशी पहिल्यांदाच मला वाटलं, तुटावी. उठून राउटरवर पालथा हात ठेवला. कालच्याइतकाच कोमट होता.

दहा वाजून गेले. लाइन तुटली नाही.