टोप्या कामाला लागल्या

शाळा तपासणी असो की कापूरहोळला हुकलेली एसटी, आमचे जीवशास्त्राचे सर दोन्ही हात पाठीवर, बरगड्यांखाली ठेवून म्हणायचे, "टोप्या कामाला लागल्या." नव्या माणसाला वाटायचं, यांची कंबर धरली.

टोप्या म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी. वेल्ह्याकडच्या आमच्या शाळेत सरांनी त्या इतक्यांदा शिकवल्या की मराठी शिकवणाऱ्या मलाही पाठ झाल्या. "आतल्या पेशींकडे अ‍ॅड्रेनलिन तयार असतं, ढाब्यावरच्या चहासारखं. मेंदूची खूण आली की लगेच रक्तात. बाहेरच्या पेशी निरोप आल्यावर कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल करायला घेतात. ती भाकरी. वेळ लागणार."

निवृत्तीआधी मुलांना खरी ग्रंथी दाखवायची, ही सरांची एकच इच्छा. पण गळ्यात तुळशीची माळ आणि रक्त पाहिलं की घाम. म्हणून गावच्या जत्रेत बकरी कापणाऱ्या मुलाणी चाचांना त्यांनी पाठमोरं उभं राहूनच सांगितलं, "गुर्द्यावरचं तेवढं माझ्यासाठी ठेवा."

गावानं ऐकलं ते एवढंच, की सरांना गुर्दा हवाय. संध्याकाळी घरोघरून शिजवलेल्या गुर्द्याच्या ताटल्या आल्या.

"लाजू नगा सर," ताटली आणणारा एकजण म्हणाला. "वरची चरबी, गाठी समदं टाकून दिलंय. येकदम साफ."

हवं ते नेमकं उकिरड्यावर गेलं होतं. ताटल्या मी संपवल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पुढच्या जत्रेला, निवृत्तीच्या तोंडावर, सर स्वतः चाचांसमोर उभे राहिले. एक डोळा उघडून त्यांनी बोट दाखवलं. "हे. चरबीतलं. वालाच्या दाण्याएवढं."

चाचांनी त्यांना पाणी दिलं. "बकरं म्या कापलं, घाम तुमाला."

"टोप्या," सर म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी ब्लेडनं ती ग्रंथी चिरली. बाहेर पिवळट, आत गडद. एका मुलीनं विचारलं, "सर, बकरं भ्यालं तवा हितनंच निघालं का?"

"व्हय," सर म्हणाले आणि बराच वेळ माळेशी चाळा करत राहिले.

गेल्या हिवाळ्यात सर वारले. मला त्यांची फार आठवण येते. यंदा जत्रेत चाचांनी पळसाचं पान माझ्यापुढं धरलं.

"सरांचं हाय. चरबीसकट."

"चाचा, सर आता..."

"ठावं हाय मला. पोरं हायती न्हवं?"

मी मराठीचा मास्तर. एका हातात पान घेतलं, आणि दुसरा आपसूक पाठीवर गेला.