ओळंबा आणि आयोडीन

आमच्या शाळेच्या भिंती रंगवणारी पेंटरीण सातवीपर्यंतच शिकलेली, पण तिची रेघ केसभर वाकडी जात नसे. भिंत सरळ आहे का ते बघायच्या वजनाच्या दोरीवरून गवंड्यांनी तिचं नाव ओळंबा ठेवलं होतं. फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्यांचं काम गेलं. दीड वर्ष ती नुसती फाटकं रंगवत होती. फाटकावर अक्षरं नसतात, हे तिचं खरं दुःख. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेची भिंत दिली. आवर्तसारणी काढ, पसंत पडली तर आणखी चार भिंती तुझ्या, नाहीतर फ्लेक्स लावतो.

मी निवृत्त, पण रसायनशास्त्र तीस वर्षं शिकवलेलं, म्हणून तक्ता हाताने लिहून दिला. तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तर हायड्रोजनला खेटून हेलियम.

"अगं, हे काय केलंस?"

"बाई, तुमच्या कागदावर मधे केवढं खिंडार होतं. मी बुजवलं. मोकळी भिंत दिसली की लोक म्हणतात, पेंटर अर्ध्यात पळाला."

"ती जागा मुद्दाम सोडलेली असते. उभ्या रांगेत एकेक घराणं राहतं, एका स्वभावाची मंडळी एकाखाली एक. हेलियम कुणात मिसळत नाही, त्याची जागा पार उजव्या टोकाला."

"म्हणजे माझी थोरली जाऊ."

"तीच. आणि क्लोरीन पाण्यात टाकतात, आयोडीन जखमेला लावतात. दोघंही जंतू मारतात, एका घरातली. तू ताटातूट केलीस."

तिने लगेच वरच्या तीन ओळींवर पांढरा हात मारला आणि पुन्हा दोरी धरली.

शनिवारी मुख्याध्यापक आले. गणिताचा माणूस. डोळ्यांसमोर पाचवी ओळ आली, तीच वाचू लागले. क्रमांक अजून टाकायचे होते, नावांखाली फक्त वजनं होती.

"तेलुरियम एकशे अठ्ठावीस, पुढे आयोडीन एकशे सत्तावीस? बाईंचं वय झालं. अदलाबदल कर."

मी तोंड उघडणार, तोच फळीवरून तिचा आवाज आला. "नाही सर."

"नाही म्हणजे?"

"आयोडीन हलवलं तर ते ऑक्सिजन-गंधकाच्या रांगेत जाईल. त्याची माणसं इथे आहेत. वजनाचं काय घेऊन बसलात, माझी धाकटी बहीण माझ्या दुप्पट आहे, म्हणून ती थोरली होत नाही."

"फ्लेक्सवाल्याला फोन करू?"

तिने ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"करा. पण त्यालाही हेच काढायला सांगा."

मी गप्प बसले. मला ते किती जड जातं हे घरचे सांगतील. मुख्याध्यापकांनी कपाटातून पुस्तक काढलं, पानं उलटली. तेलुरियमचा क्रमांक बावन्न, आयोडीनचा त्रेपन्न.

"क्रम वजनाने लागत नाही," मी म्हटलं, "अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्या संख्येने लागतो. माझं वय झालंय, प्रोटॉनचं नाही."

ते हसले. "सोमवारपासून जिन्याची भिंत घे. मानवी शरीर काढायचं."

"आधी मला आतडी-बितडी समजावणारं कुणी द्या. न समजता मी आता ब्रश बुडवणार नाही."

"जीवशास्त्राच्या बाईंकडे जा," मी म्हटलं. "त्यांना तसंही काही काम नसतं."