रंगरावांनी फोडलेला एक्सल

मेलवीदीत, म्हणजे आमच्या गल्लीत, बातमी पसरली ती अशी: कॉलेजातल्या मुलीने रंगरावांना त्यांचंच काम शिकवलं, म्हातारा चिडला आणि पोरांच्या शर्यतीच्या गाडीचा एक्सल त्याने घणाने फोडला. फोडला, एवढंच खरं. चिडून नव्हे. आणि फोडला तो स्वतःच्या हातचा.

रंगराव तंजावुरात चौतीस वर्षं लेथ चालवतायत. बोलणं मोजकं. घसा खाकरायचा, चष्मा कपाळावर ढकलायचा, मग "सेरि". बरं, झालं, निघा आता, सगळ्याला हा एकच तमिळ शब्द. गल्लीतली हरिणी आपल्या टीमच्या गाडीचं ड्रॉइंग घेऊन आली, तेव्हा मात्र त्यांनी जरा जास्त बोलून पाहिलं. गाडी चिखलातून, दगडाधोंड्यांतून पळवायची. पुढच्या चाकांचे दोन आखूड एक्सल रंगरावांनी कातायचे. चालवणार हरिणीच.

"अम्मा, इथं जाडी एकदम उतरते. कोपरा गोल कर. काटकोन ठेवलास तर तिथंच तडकेल की."

"गोल केला तर बेअरिंग टेकून बसत नाही, मामा. कंप्यूटरात जोर लावून बघितलंय. काही होत नाही."

रंगराव आठवी शिकलेले. कंप्यूटरापुढे काय बोलणार? "सेरि," म्हणाले आणि काटकोन ठेवून कातले. हात नको म्हणत होता.

कारण वीस वर्षांपूर्वी एका ट्रेलरचा एक्सल त्यांनी असाच, गिऱ्हाइकाने सांगितला तसा कातला होता. तिरुवैयारूच्या वाटेवर, भाताची पोती भरलेली असताना तो तुटला आणि गल्लीतल्या सतीशकुमारचा पाय ट्रेलरखाली सापडला. सतीशकुमार अजून काठी टेकत दुकानावरून जातो. "काय रंगराव, कॉफी झाली?" विचारतो. कधी बोल लावला नाही. रंगराव मात्र उत्तर देतात ते लेथकडे बघून.

हरिणीचे एक्सल त्रिचीहून पाणी देऊन, कडक होऊन आले. चौथ्या दिवशी गाडी ट्रकवर चढायची होती. रंगरावांनी दोन्ही एक्सल तारेने आढ्याला टांगले आणि पान्याने हलकेच ठोकले. पहिला वाजला. दुसराही वाजला, पण त्यांचा चेहरा उतरला.

"हा मेलाय. आत तडा आहे."

मी तिथंच होते. अख्ख्या गल्लीच्या नकला करणारी मी. माझ्या कानाला कोण नावं ठेवणार?

"दोन्ही सारखेच वाजले, मामा! पैज लावा. मी जिंकले तर तुम्ही टीमचा लाल टी-शर्ट घालून राजवाड्यापर्यंत चालायचं."

"आणि हरलीस तर सतीशकुमारची चाल काढायची नाही. कधीच."

मी हसत हो म्हटलं. माझी सगळ्यात गाजलेली नक्कल तीच होती: टक्, सर्र. टक्, सर्र.

रंगरावांनी एक्सल व्हाइसमध्ये आवळला आणि घण घातला. दुसऱ्या घावाला त्या कोपऱ्यावरच दोन तुकडे झाले. तुटल्या जागी अर्धा भाग ताजा, चकचकीत. अर्धा काळा. म्हणजे तडा आधीपासूनच आत बसलेला.

बाजूला उभी असलेली हरिणी स्टुलावर बसली. मग म्हणाली, "आता?"

"आता मी सांगतो, तू काढ."

कोपरा गोल झाला. बेअरिंग टेकावं म्हणून आतून कड उतरवलेली एक रिंग मधे आली. जो चांगला वाजला होता, तोही रंगरावांनी भंगारात टाकला. कोपरा त्याचाही तसलाच. नवे दोन कातून ते स्वतः बसने त्रिचीला गेले आणि परत येताना मांडीवर घेऊन आले. चौथ्या सकाळी हरिणीने ते तीन तीनदा ठोकायला लावले. मग ट्रक निघाला.

सतीशकुमारच्या पायाबद्दल त्यांनी मला घण खाली ठेवल्यावर सांगितलं होतं. पैज लावताना नाही.

ट्रक वळला तेवढ्यात सतीशकुमारच समोरून आला. त्याने तोंड उघडायच्या आत रंगराव म्हणाले, "या, सतीशकुमार. कॉफी घेऊ." त्याच्याकडे बघून म्हणाले.

टक्, सर्र. ट्रकला निरोप द्यायला जमलेल्या पोरी माझ्याकडे बघून आधीच हसायला लागल्या होत्या. मी दोन्ही पाय जुळवून उभी राहिले.