मावशीची काळी रेघ

होंडुरासच्या हद्दीला टेकलेल्या त्या डोंगरी गावात चित्र न काढणारा माणूस शोधायचा तर पाद्रीबाबांकडेच जावं लागे. बाकी अख्खं गाव लाकडी डबे रंगवायचं. चित्रही ठरलेलं: पांढरं घर, लाल कौलं, शेजारी फुगलेला पक्षी आणि घराएवढं फूल. पर्यटक ते डझनावारी नेत, त्यामुळे कुणाला दुसरं काही सुचायची गरजच पडली नव्हती.

मारिसेला लांदाव्हेर्देच्या घरी आई ट्रान्सितो पेन्सिलीने आखून देई, मारिसेला रंग भरी आणि क्रूसिता मावशी शेवटची काळी रेघ मारून वर वॉर्निश फिरवी. रेघ न मारलेली वस्तू घराबाहेर पडली तर मावशीला चारचौघांत नाक कापल्यासारखं होई.

नववीला चित्रकला शिकवायला ओविदिओ सर आले. ते खालच्या सपाटीवरचे. पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर मातीचा माठ ठेवला. "जे दिसतंय ते काढा." वर्गाने माठ काढला आणि प्रत्येकाने माठाशेजारी एक पांढरं घर काढलं.

"घर कुठे दिसलं तुम्हाला?"

"ते असतंच, सर," मारिसेला म्हणाली.

सरांना हसावं की राजीनामा द्यावा कळेना. पण या मुलीचा माठ बऱ्यापैकी माठासारखा होता. त्यांनी तिला राजधानीतल्या कलाशाळेबद्दल सांगितलं. नववीनंतर तिथे प्रवेश मिळे, पण त्यासाठी समोरचं बघून काढलेली पेन्सिलीची चित्रं द्यावी लागत. दुसऱ्याने आखलेल्यात आपल्याला जन्मभर रंग भरायचे नाहीत, हे मारिसेला त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलली. ऐकायला कोंबड्या होत्या.

वर्षभर तिने दिसेल ते काढलं. बस, झोपलेला कुत्रा, पुपुसाच्या भरल्या भाकऱ्या थापणारे आईचे हात, आईचा चेहरा.

"ही मी?" ट्रान्सितो म्हणाली. "ही तर माझी सासू!"

चित्रं शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायची होती. बुधवारी मारिसेला कामाच्या टेबलावर कागद ठेवून शाळेत दाखला आणायला गेली. परत आली तेव्हा कागद दोरीवर वाळत होते. आईच्या सुरकुत्या गुलाबी झाल्या होत्या, कुत्रा निळा होता, बसच्या टपावर एक फुगलेला पक्षी येऊन बसला होता. सगळ्यांभोवती जाड काळी रेघ होती आणि वर ओलं वॉर्निश चमकत होतं.

"मावशी, हे काय केलंस?"

"अगं, पेन्सिलीतच पडलं होतं सगळं. शुक्रवारी न्यायचंय म्हणालीस ना? तुझी आई बाजारात गेलेली. म्हटलं, मीच हातावेगळं करून टाकते. पाठ धरली बघ माझी."

"ते तसंच न्यायचं होतं."

"तसंच? राजधानीत? लोक म्हणतील, लांदाव्हेर्देंकडचे रंग संपले!"

मावशीने मनापासून मदत केली होती, त्यामुळे तिच्यावर धड ओरडताही येईना. मारिसेला कागद घेऊन सरांकडे गेली. त्यांनी ते बराच वेळ पाहिले.

"कुत्रा विकला जाईल," ते म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून आवाज उतरला. "उद्याचा दिवस आहे अजून. काढ."

"काय काढू?"

"घरात कोणी हलत नाही असं?"

तसं घरात कोणीच नव्हतं. एव्हाना आपलं काय चुकलं ते मावशीला निम्मं कळलं होतं. "मला काढ," ती म्हणाली, "पण मी हाताची घडी घालून बसणार नाही हं. डबे द्यायचेत."

गुरुवारी मावशी रेघा मारत राहिली आणि मारिसेला मावशी काढत राहिली. दोऱ्याने बांधलेला चष्मा, ब्रश धरलेला अंगठा, रेघ वळवताना नकळत उघडणारं तोंड. संध्याकाळी मावशीने कागद पाहिले आणि सवयीने ब्रश उचलला. मारिसेलाने दोन्ही हात कागदांवर पसरले.

"बघतेय गं नुसती!" मावशीने ब्रश मागे घेतला. "एवढी वाकते मी?"

"हो."

"मग दुखेल नाही तर काय."

राजधानीत टेबलामागच्या बाईंनी कागद उलटेपालटे केले. "सगळी एकाच बाईची?"

"तीच सापडली."

बाईंनी अंगठ्याचं चित्र परत वर घेतलं, थोडा वेळ पाहिलं आणि गठ्ठा ठेवून घेतला.

नाताळच्या आधी सरांचा फोन आला. यादीत नाव होतं. मावशीने मारिसेलाला मिठी मारली, तिच्या पाठीवर रंगाचे दोन पंजे उमटवले आणि स्वतःच रडायला लागली. ट्रान्सितोने ॲप्रन सोडला, पायात चपला घातल्या आणि शेजारच्या नोएमीची थोरली पोरगी रंग भरायला येईल का, ते विचारायला गेली.