मेव्हण्याची बाही

लोहाऱ्याच्या दूध सोसायटीचे चेअरमन शिवलिंगअप्पा. दुष्काळात अख्ख्या गावाच्या गुरांना चारा मिळवून देणारा हा माणूस, बायको इरम्माचा गर्भ पडला की तिला माहेरी धाडायचा. बाईचं दुखणं माहेरानं निस्तरायचं, हीच रीत. चौथ्यांदा तसंच झाल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी नवा उपाय सुचवला. दुसऱ्याच्या रक्तातल्या पेशी तिला टोचून बघायच्या; गुण येईलच असं नाही. अप्पांनी रक्त द्यायला मेव्हण्यालाच सोबत नेलं.

मेव्हण्यानं बाही वर सारली, तसे डॉक्टर म्हणाले, "भावाचं नको. बाळात बापाचा अंश असतो, तिच्या शरीराला त्याची ओळख व्हायला हवी. नवरा कुठाय?"

दाराजवळ बसलेले अप्पा स्वतःच्या बाहीचं बटण चाचपू लागले.

इरम्माच बोलली, "दादा, बाही खाली घे. गेलेली लेकरं काय म्हायरची न्हवती."