वरचा चमचा

माझ्या नावापुढे जी पदवी लागली आहे आणि आयर्लंडमध्ये मला जी नोकरी आहे, त्या दोन्हींचं श्रेय मी एकाच माणसाला देतो. ते माणूस म्हणजे माझी शेवंताआत्या. सांगोल्यात तिला या नावाने फार थोडे लोक ओळखत. गावाला ती ‘भांडेवाली आत्या’ म्हणून ठाऊक होती, आणि तीही चेहऱ्यापेक्षा आवाजाने. ती वरच्या आळीत ‘भांडीऽऽय’ अशी हाक द्यायची, तेव्हा शाळेत आमचे गुरुजी हातातला खडू तसाच धरून हाक संपायची वाट पाहत. मग फळ्याकडे वळत म्हणत, “दत्ताची आत्या गेली. आता पुढचं लिहा.”

डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी आणि पाठीला जुन्या कपड्यांचं गाठोडं, असा तिचा धंदा होता. लोकांनी जुने कपडे द्यायचे आणि तिने त्या बदल्यात भांडं द्यायचं. कोणतंही भांडं हातात आलं की ती त्यावर बोटाचं पेर वाजवायची, कान देऊन ऐकायची आणि मगच बोलायची. पुढे ही सवय भांड्यांपुरती राहिली नाही. दार, मडकं, कलिंगड, नव्या दप्तराचं बक्कल, सगळं ती वाजवून बघे. एकदा तिने माझ्या कपाळावरही पेर वाजवलं आणि आईला म्हणाली, “भरीव हाय. शिकंल.”

आईवडील ऊसतोडीला जायचे तेव्हा मी तिच्याकडेच राहायचो. तिला मूलबाळ नव्हतं. सुट्टीत तिच्या मागे फिरताना मी एक गोष्ट नेहमी बघायचो. घासाघीस संपायची, दोन्ही बाजू कुरकुरत का होईना राजी व्हायच्या, आणि मग आत्या कमरेच्या पिशवीतून एक छोटा चमचा काढून त्या भांड्यात टाकायची. तो टण्णकन वाजायचा. मी विचारलं, “आत्या, सौदा तर झाला होता. चमचा कशाला?” ती म्हणाली, “सौदा झाला म्हनूनच. वर कायतरी दिलं की मानूस दारात हुबं ऱ्हातंय. न्हाईतर कवाड लावून घेतंय.”

कपड्यांतले बरे कपडे ती आठवड्याच्या बाजारात विकायची. त्यातून माझ्या मापाचं काही निघालं तर मात्र बाजूला ठेवायची. माझं सगळं शिक्षण असं लोकांच्या कपड्यांत झालं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी पुण्याला मुलाखतीला जायचं होतं, तेव्हा तिने एका वकिलीणबाईंकडून एक तपकिरी लोकरीचा कोट मिळवला. रुंद कॉलरचा, बाहीला चामड्याची ठिगळं असलेला, फारच जुन्या धाटणीचा. त्यासाठी तिने पाटीतलं सगळ्यांत मोठं पातेलं दिलं होतं. उन्हाळ्याच्या दिवसांत मी तो कोट घालून घामाघूम होत मुलाखत दिली आणि नोकरी मिळवली. पुण्याहून मी आयर्लंडला आलो तेव्हा बॅगेत कोट होता. किलकेनीच्या घरातल्या कपाटात तो अगदी मागे टांगलेला असे. मी तो कधी घालत नसे, पण तिथे आहे हे मला माहीत असे.

मागच्या वर्षाच्या आधीच्या हिवाळ्यात आत्याचा आवाज गेला. पूर्ण नाही, पण हाक देण्याजोगा राहिला नाही. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, “ओरडणं बंद. नाहीतर बोलणंही बंद होईल.” ती तरी पाटी घेऊन निघायची. पण हाकेशिवाय दारं उघडत नव्हती, आणि ती भरलेली पाटी घेऊन परत यायची. मी आणि मेघनाने, म्हणजे माझ्या बायकोने, ठरवलं की आत्याला उन्हाळ्यात इकडे आणायचं, चांगली विश्रांती द्यायची आणि हळूच पाटी सोडायला लावायचं. हा बेत आम्ही तिला सांगितला नव्हता. तिला तो विमानतळावरच कळला असावा, कारण घरी येताना गाडीत ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “दत्तू, मला काय पडून ऱ्हायला आनलंयस व्हय?”

पडून राहणं तिला जमलंच नाही. पहिल्या दिवशी तिने स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उघडून सगळी भांडी वाजवून पाहिली. मेघनाचं महागातलं नॉनस्टिक पॅन वाजवून तिने ते लगेच परत कपाटात ठेवलं. “काय झालं आत्या?” मेघनाने विचारलं. “काय न्हाई. ह्ये मुकं हाय.” शेजारच्या बाई कुंपणापलीकडून रोज ‘ग्रँड’ म्हणत, म्हणजे ‘छान’, तो शब्द तिने उचलला. पाऊस ग्रँड, पोळी ग्रँड, गुडघा ग्रँड. पण पाटीचा विषय काढला की ती खिडकीबाहेर बघत म्हणायची, “बगू.”

एका शनिवारी रस्त्याकडेच्या खांबावर मला एक फलक दिसला. गावाबाहेरच्या मैदानावर जुन्या मोटारींचा आणि त्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरणार होता. मी घरी सांगितलं, “आत्या, उद्या गंमत बघायला जाऊ. पूर्वी तिथे लोक पैसे न देता वस्तूला वस्तू बदलून न्यायचे. अदलाबदलीचा बाजार.” माझ्या मते मी इतिहास सांगत होतो. आत्याने मात्र हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं, “किती वाजता?”

सकाळी ती माझ्याआधी गाडीत बसली होती. मांडीवर चादरीत बांधलेलं गाठोडं.

“हे काय?”

“तुमचं जुनं कपडं. बाजाराला मोकळ्या हातानं जात्यात व्हय?”

मेघना दारातून हसत म्हणाली, “जाऊ दे रे, तिथे कोण बघतंय!”

ते मैदान मी कधी विसरणार नाही. ओल्या गवतावर लांबच लांब रांगा. व्हॅनची मागची दारं उघडी आणि त्यांच्या पुढ्यात ताडपत्र्यांवर गंजलेली चाकं, मडगार्ड, स्टिअरिंग, एकेकटे दिवे, बिस्किटांच्या डब्यांत भरलेले नटबोल्ट. गमबूट घातलेली माणसं उकिडवी बसून त्या डब्यांत तांदूळ निवडावेत तशी बोटं फिरवत होती. पलीकडे चकचकीत जुन्या मोटारी बॉनेट उघडून उभ्या होत्या, आणि मालक शेजारी घडीच्या खुर्चीवर थर्मासमधला चहा पीत होते. तेल, ओली माती आणि तळलेल्या बटाट्यांचा एकत्र वास येत होता. मला यातलं काहीच कळत नव्हतं, आत्यालाही नव्हतं. पण मी बघत चाललो होतो आणि ती विचारत चालली होती.

एक माणूस बगलेत मोटारीचं दार घेऊन निघाला होता. आत्याने त्याला अडवून आधी दार वाजवलं. “इचार ह्याला, बाकीची गाडी कुटं हाय?”

मी लाजत विचारलं. तो मनापासून हसला. “शेडमध्ये आहे. बायको म्हणते, गाडी पूर्ण होईल तेव्हा तू या जगात नसशील.”

मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “मंजी तोवर त्याला जगायला काम हाय. ग्रँड.” शेवटचा शब्द त्याला कळला आणि तो टोपी उचलून पुढे गेला.

अशी ती दिव्याच्या पितळी टोपणाला वाटी समजत आणि चाकाच्या झाकणाला ताट समजत एका कोपऱ्यातल्या टेबलापाशी आली. टेबलामागे एक उंच, वाळकुडे आजोबा बसले होते. त्यांचं नाव नोएल हे मला नंतर कळलं. टेबलावर एक पितळी हॉर्न होता, वळसे घेतलेला, मागे काळा रबरी फुगा. आत्याने पितळ वाजवलं. मग फुगा दाबला.

पोंऽऽऽ!

अख्खी रांग आमच्याकडे बघायला लागली. कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. आत्याने पुन्हा दाबला. नोएलआजोबा म्हणाले, “बाई हॉर्न घेणार आहेत, की सगळं किलकेनी उठवणार आहेत?”

आत्या हसली नाही. हॉर्न दोन्ही हातांत धरून ती आवाज गेला त्या दिशेने बघत राहिली, मैदानाच्या पार टोकाकडे, जिथे लोक अजून माना वळवून बघत होते. तिच्या मनात काय चाललंय ते मला त्या क्षणी कळलं, आणि आमचा उन्हाळाभराचा बेत मोडला हेही कळलं.

“इचार, बदलून देतो का?”

“आत्या, इथे आता कुणी बदलून देत नाही. मी पैसे देतो ना.”

“तुजं पैसं नकोत. माजा धंदा हाय, माज्या रीतीनं घ्याचा.” आणि तिने गवतावर चादर पसरून गाठोडं सोडलं.

मला वाटलं आजोबा वैतागतील. पण ते टेबलाला वळसा घालून पुढे आले, गुडघ्यावर बसले आणि कपडे चाळायला लागले. माझे शर्ट, मेघनाचं जॅकेट, एक स्वेटर. आणि सगळ्यांच्या तळातून त्यांनी तपकिरी लोकरीचा कोट ओढून काढला.

“हा नाही!” मी जवळजवळ ओरडलोच. “आत्या, हा कशाला आणलास?”

आजोबांनी तोवर कोट अंगावर चढवलाही होता. बाह्या बरोबर बसल्या. वडिलांची जुनी गाडी ते उन्हाळ्यात बाहेर काढायचे, आणि तिच्या काळाला शोभेल असा कोट त्यांना कुठे मिळत नव्हता. भावाचा होता तो आता विरला होता. हे सांगता सांगता ते माझ्याकडे बघून आत्याला म्हणाले, “युअर मॅन मयताला आल्यासारखा का उभा आहे?” ‘युअर मॅन’ म्हणजे ‘हा गडी’; इकडे कुणाबद्दलही असंच म्हणतात.

“काय म्हनला?”

“मी रडवेला दिसतोय म्हणतात.”

आत्या उठून माझ्याजवळ आली. तिने नेहमीसारखं पेर वाजवलं, या वेळी माझ्या छातीवर. आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं. “दत्तू, तुजं काम झालंय त्या कोटानं. आता माजं हू दे.”

कपाटातली ती जागा डोळ्यांपुढे आली, जिथे मी कोट टांगून ठेवला होता आणि समजत होतो की मी तिला जपतो आहे. मग मी मान हलवली.

सौदा पक्का करायच्या इकडच्या जुन्या रीतीप्रमाणे आजोबांनी तळहातावर थुंकून हात पुढे केला. आत्याने तो हात बघितला, पदराने स्वच्छ पुसला आणि मग हातात घेतला. आजूबाजूचे लोक पोट धरून हसले, सगळ्यांत जास्त आजोबा. सौदा झाला. आणि त्यानंतर एक गोष्ट घडली, जी मी सांगितली तर मेघनालाही खरी वाटली नाही. आजोबांनी खिशात हात घातला आणि त्याच वेळी आत्याने कमरेच्या पिशवीत. त्यांच्या हातात एक नाणं होतं, कारण त्यांच्या वडिलांच्या काळी गुरांच्या बाजारात विकणारा शुभ म्हणून असं काही परत द्यायचा. आत्याच्या हातात चमचा होता. दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत थांबले. मला भाषांतर करावं लागलं नाही.

परतीच्या विमानाला सोडताना तपासणीवाल्याने बॅगेतून हॉर्न काढला आणि हे काय म्हणून विचारलं. आत्याने दाबून दाखवला. आत जाताना ती मला म्हणाली, “फोन नगं करूस. फोनवर मला बोलावं लागतंय. चिठ्ठी धाड. ऐकायला घसा लागत न्हाई.”

म्हणून मी पत्रं लिहितो. शेजारची सुनीता तिला ती वाचून दाखवते. गेल्या महिन्यात पाठवलेलं हे पत्र:

“ती. आत्यास, साष्टांग नमस्कार.

सुनीताने तुझ्या हॉर्नचा आवाज फोनवर पाठवला. वरच्या आळीतून निघालेला शाळेपर्यंत येतो म्हणे. आता गुरुजी नवे आहेत, तेही खडू धरून थांबतात का, ते विचारून कळव.

परवा पुन्हा त्या मैदानावर गेलो होतो. दारवाला माणूस भेटला. त्याला आता मागचा दिवा हवा आहे. नोएलआजोबांनी वडिलांची गाडी आणली होती. त्यांच्या अंगात कोट होता. उजव्या बाहीचं ठिगळ सुटलं होतं, ते त्यांनी हिरव्या दोऱ्याने शिवलं आहे. तुझा चमचा स्टिअरिंगच्या शेजारी तारेने बांधलेला आहे. गाडी खड्ड्यातून गेली की टण्ण वाजतो. मला शेजारी बसवून त्यांनी मैदानाला फेरी मारली आणि विचारलं, हॉर्नवाल्या बाई कशा आहेत? मी म्हटलं, ग्रँड.

पाटी सोड असं मी आता म्हणणार नाही. फक्त उन्हाचं थोडं लवकर घरी येत जा.

या पाकिटात एक चमचा आहे. आजोबांच्याच टेबलावरून आणला, माझा एक शर्ट देऊन. वाजवून घेतला आहे, आवाज चांगला आहे. आत्या, तू मला दिलंस त्याच्या बदल्यात द्यायचं मोठं भांडं मला अजून सापडलेलं नाही. शोधतो आहे. तोवर हा वरचा चमचा आधी ठेवून घे, आणि कवाड उघडं ठेव.

तुझा,
दत्तू”